उत्तर कोणत्या भाषेत लिहू?

2023 च्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. फजरची नमाज उरकून मी चहा ठेवला होता. हे डबा घेऊन शेलू स्टेशनकडे निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात लेकीचा फोन आला. आमच्याकडे सकाळचे सहा म्हणजे तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात शिकायला जाऊन तिला जेमतेम दीड महिना झाला होता. त्या दिवसांत फोन वाजला की माझ्या पोटात आधी गोळा यायचा, मग मी फोन उचलायची.

"अम्मी, एक गंमत सांगू? आज आमची परीक्षा होती. माझ्या शेजारच्या मुलीनं सगळा पेपर फ्रेंचमध्ये लिहिला."

"मग? फ्रेंचचाच पेपर असेल."

"नाही गं. तास इंग्रजीत होतो, प्रश्न इंग्रजीत होते. तिनं उत्तरं फ्रेंचमध्ये लिहिली."

"या अल्लाह! मग आता तिला शून्य मिळणार."

लेक हसायला लागली. "शून्य कशाला मिळेल? तो तिचा हक्क आहे. इथला नियमच तसा आहे. तास कुठल्याही भाषेत असो, उत्तरं इंग्रजीत लिहा नाहीतर फ्रेंचमध्ये. भाषेचाच पेपर असेल तर गोष्ट वेगळी."

फोन ठेवला तोवर चहा उतू गेला होता. ह्यांनी गॅस बंद केला आणि विचारलं, "काय झालं? सगळं ठीक आहे ना?" मी हो म्हटलं. पण त्या दिवशी माझं कशातच लक्ष लागेना. भाकरी करपली, मोलकरणीला दोनदा पैसे देत होते. तोंडातून जे शून्य निघालं ते त्या मुलीचं नव्हतंच. ते माझं होतं, 1983 सालचं.

माझं माहेर खालापूर तालुक्यातलं. गावात सातवीपर्यंत उर्दू शाळा होती. आठवीसाठी जवळ होतं ते मराठी हायस्कूल. उर्दू हायस्कूल होतं, पण तिथे रोज जायचं तर दोन वाहनं बदलावी लागत, आणि तेरा वर्षांच्या मुलीला तेवढ्या लांब कोण पाठवणार? त्यामुळे उर्दू शाळेतून सातवी झालेल्या आम्ही पाच मुली एकदमच त्या मराठी हायस्कुलात गेलो.

मराठी बोलायला आम्हाला येत होतं. बाजारात, एसटीत, शेजारपाजारी मराठीच. घरात आम्ही जे बोलतो ते धड उर्दू नाही आणि धड मराठीही नाही, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पण बोलणं वेगळं आणि भूमितीचा धडा वेगळा. सातवीपर्यंत मी त्रिकोणाला मुसल्लस म्हणत होते आणि कोनाला जाविया. चौरसाला आम्ही मुरब्बा म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर चौरस काढून गुरुजींनी मला विचारलं, ही आकृती कसली? मी उभी राहून ठणकावून सांगितलं, "मुरब्बा!" सगळा वर्ग हसून लोळला. पुढे वर्षभर मला मधल्या सुट्टीत मुलं विचारायची, "आज डब्यात त्रिकोण आणलास की मुरंबा?" आता आठवलं की मलाही हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

सहामाही परीक्षेत शास्त्राच्या पेपरात प्रश्न आला, प्रकाशसंश्लेषणाची क्रिया आकृतीसह स्पष्ट करा. प्रकाशसंश्लेषण हा शब्द मला वाचतासुद्धा नीट येत नव्हता. पण शेजारी पानाचं चित्र होतं, सूर्य होता, त्यावरून कळलं की ही तर जियाई तालीफ! सातवीच्या उस्तानींनी आम्हाला ती अशी शिकवली होती की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितली असती. पाण्याचं काय होतं, हवा कुठून आत येते, पानातला हिरवा रंग काय करतो, सगळं येत होतं. मराठीत लिहायला घेतलं तर दोन ओळींत शब्द संपले. घड्याळाकडे पाहिलं आणि मी पान उलटून उजवीकडून डावीकडे लिहायला सुरुवात केली. दीड पान लिहिलं. त्या पेपरात माझं पोट भरेपर्यंत लिहिलेलं तेवढंच एक उत्तर.

पेपर मिळाला तेव्हा त्या दीड पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ होती. आकृतीला एक गुण दिला होता. गुरुजींनी पेपर वर्गाला दाखवला आणि म्हणाले, "हे कोंबडीनं पाय उमटवलेत, हे मी कसं तपासू?" त्या शाळेचं नाव मी लिहीत नाही, गुरुजींचंही नाही. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना उर्दू येत नव्हतं आणि येणाऱ्या माणसाकडून तो कागद वाचून घ्यावा असं त्यांना सुचलं नाही, सुचवणारा नियमही नव्हता. पण दुसरं कुणी नाही तरी माझ्या घरच्यांनी जाऊन विचारायला हवं होतं. अब्बांनी पेपर पाहिला, उत्तर वाचलं, "बरोबर तर आहे" एवढं म्हणाले आणि कागद परत दिला.

आम्हा पाच जणींपैकी तिघी नववीत आल्याच नाहीत. त्यातली एक माझी जिवाभावाची मैत्रीण. आमच्या उर्दू शाळेत गणितात तिचा पहिला नंबर असायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं शाळेत येणं बंद केलं, सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. घरी विचारलं तर सगळे म्हणायचे, तिला अभ्यासच जमत नव्हता. मी रडतखडत दहावीला अठ्ठेचाळीस टक्के मिळवले आणि माझंही शिक्षण तिथेच थांबलं.

लग्न होऊन शेलूला आले. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कर्जतच्या लोकलनं बदलापूर, वांगणी सोडलं की शेलू येतं, त्यापुढे नेरळ. उतरणारी माणसं बहुतेक नेरळला उतरतात, कारण तिथून माथेरान. ती छोटी गाडी 1907 साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं आपला पैसा ओतून सुरू केली, हे सासरे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, जणू गाडी त्यांच्या चुलत्यानंच बांधली. आमच्या शेलूला सांगण्यासारखं म्हणजे उल्हास नदी आणि भातखाचरं. खाचरांच्या जागी आता सात-सात मजली इमारती झाल्या आहेत.

लेक शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा घरात मोठा वाद झाला. सासऱ्यांची इच्छा होती, पोरीनं उर्दू शाळेत जावं. ते रोज नेरळहून 'इन्किलाब' आणायचे, हिशेबाची वही उर्दूत लिहायचे. "आपल्या जबानीत चार अक्षरं तरी तिला वाचता येऊ देत," असं त्यांचं म्हणणं. मी एरवी त्यांच्यापुढे तोंड उघडत नसे. त्या दिवशी उघडलं. म्हटलं, "अब्बा, माझी मुलगी आठवीत जाऊन मुक्याचं सोंग घेणार नाही." लेक मराठी शाळेत गेली. सासरे मला काही बोलले नाहीत. संध्याकाळी तिला अलिफ-बे शिकवायला बसवायचे, पण शाळेचा गृहपाठ, मग अरबीचा मदरसा, त्यात उर्दू मागेच पडलं. कुरआन शरीफ वाचता येतं म्हणून तिला उर्दूची अक्षरं ओळखता येतात, पण वाचता येत नाही. लिहिणं तर दूरच.

माझा निर्णय चुकला असं म्हणता येत नाही. मराठीतून शिकूनच ती दहावीला तालुक्यात चांगल्या गुणांनी आली, इंजिनिअर झाली, दोन वर्षं नोकरी केली, आणि बँकेचं कर्ज घेऊन ओटावाला गेली. त्या कर्जाबद्दल, आणि "मुलीला एकटीला इतक्या लांब पाठवता?" म्हणून विचारणाऱ्या नातेवाइकांबद्दल वेगळा लेख होईल. ज्यांच्या घरात असा विचार चालू असेल त्यांच्यासाठी एकच व्यवहाराची गोष्ट सांगते. ती गेली तेव्हा राहण्याच्या खर्चापोटी दहा हजार कॅनेडियन डॉलर दाखवावे लागत. जानेवारी 2024 मध्ये ती रक्कम 20,635 डॉलर झाली होती. फीचा आकडा याहून निराळा. तेव्हा आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा.

त्या ऑक्टोबरच्या फोननंतर मी लेकीच्या मागेच लागले. हा नियम कुणी केला? का केला? ती म्हणायची, "अम्मी, मी इथे संगणक शिकायला आलेय, इतिहास नाही." पण माझ्यासाठी तिनं हळूहळू माहिती गोळा केली, आणि दर शुक्रवारी थोडी थोडी सांगत गेली.

ओटावा ही कॅनडाची राजधानी. देशात इंग्रजी आणि फ्रेंच या दोन राजभाषा. हे शहर ओंटारियो प्रांतात आहे, जिथे इंग्रजी बोलणारे जास्त. पण नदीवरचा पूल ओलांडला की क्वेबेक प्रांत लागतो आणि दुकानांच्या पाट्या फ्रेंचमध्ये सुरू होतात. लेक म्हणते, पायी चालत गेलं तरी अर्ध्या तासात भाषा बदलते. मला हे बेळगावकडच्या लोकांनी ऐकावंसं वाटतं.

विद्यापीठाची सुरुवात 1848 साली झाली. तेव्हा गावाचं नाव बायटाउन होतं, ओटावा हे नाव 1855 साली पडलं. गीग नावाच्या कॅथलिक बिशपनं तिथे एक छोटं कॉलेज काढलं. गावात आयरिश मजूर होते, ते इंग्रजी बोलायचे, आणि फ्रेंच लाकूडतोडे होते. दोघंही कॅथलिक, पण एकमेकांशी पटत नसे. त्यांची मुलं एका बाकावर बसून दोन्ही भाषा शिकली तर भांडणं कमी होतील असा त्या बिशपचा हिशेब. 1866 साली कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला.

हिशेब काही सरळ उतरला नाही. काही वर्षं तर कॉलेजात सगळं इंग्रजीतच चाललं, फ्रेंच बाजूला पडली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परत आणावी लागली. मग 1912 साली ओंटारियो सरकारनं 'नियम सतरा' काढला. प्राथमिक शाळांत फ्रेंचमधून शिकवणं पहिल्या दोन वर्षांपुरतंच, त्यापुढे सगळं इंग्रजीत. पुढच्या वर्षी थोडी ढील देऊन दिवसाला तासभर फ्रेंच विषय शिकवायची मुभा दिली. आणि नवल असं की या नियमाच्या बाजूनं सर्वांत जोरात बोलणाऱ्यांत मायकेल फॅलन नावाचे आयरिश बिशप होते. ते स्वतः ओटावा विद्यापीठात उपप्रमुख राहिलेले, आणि ज्यांच्या शाळा बंद पडणार होत्या ते फ्रेंचही त्यांच्याच धर्माचे.

हे ऐकताना मला वाटलं, धर्म एक असला म्हणजे बाकी सगळं आपोआप जुळतं अशी जी आपली समजूत असते, ती तिथेही खोटी ठरलेली दिसते. 1952 च्या 21 फेब्रुवारीला ढाक्यात बंगालीसाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या खाल्ल्या, तेव्हा गोळ्या झाडणारं सरकारही मुसलमानांचंच होतं.

पण मला सगळ्यात आवडली ती गीग शाळेची हकीकत. ओटावातल्या मरे स्ट्रीटवर त्याच बिशपच्या नावाची शाळा होती. तिथे बिआट्रिस आणि डिआन देलोज या दोन बहिणी शिकवायच्या. तरुण मुली. त्यांनी नियम सतरा पाळायला नकार दिला आणि फ्रेंचमधून शिकवत राहिल्या. त्यांना काढून टाकायचा घाट घातला गेला, तेव्हा मुलांच्या आयांनी जानेवारी 1916 मध्ये शाळेला वेढा घातला. कॅनडाचा जानेवारी म्हणजे काय ते लेक मला रोज व्हिडिओवर दाखवते, विद्यापीठाजवळून जाणारा मोठा कालवा गोठतो आणि लोक त्याच्यावर घसरत कामाला जातात. त्या थंडीत बाया दारात उभ्या. हातात काय? तर हॅट डोक्यावर टिकावी म्हणून त्या काळी बाया टोचायच्या त्या लांब पिना. कुणी कात्री आणली, कुणी लाटणं, कुणी तवा. पोलीस आले, झटापट झाली, बाया हटल्या नाहीत आणि त्या दोघी बहिणी वर्गात शिकवत राहिल्या. कॅनडात ही 'हॅटपिनांची लढाई' म्हणून प्रसिद्ध आहे. 1927 मध्ये सरकारनं त्या नियमाचा हट्ट सोडला. आणि फेब्रुवारी 2016 मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी, ओंटारियोच्या प्रीमियर कॅथलीन विन यांनी विधानसभेत उभं राहून त्याबद्दल माफी मागितली.

मी लेकीला म्हटलं, मरे स्ट्रीटवर जाऊन ये. ती एका रविवारी गेली. आता तिथे शाळा नाही, पण विटांची इमारत उभी आहे. तिनं बाहेरूनच मला फोनवर दाखवली. बर्फ होता. ज्या दारात त्या बाया उभ्या राहिल्या असतील असं आम्हाला वाटलं, ते दार मी बराच वेळ पाहत बसले. माझी अम्मी लाटणं घेऊन शाळेच्या दारात गेली असती का? नसती गेली. तिला माझा पेपर वाचताही येत नव्हता. आणि अब्बांना वाचता येत होता तर त्यांना वाटलं, एक उत्तर गेलं तर गेलं.

विद्यापीठ 1965 साली चर्चकडून सार्वजनिक झालं. त्या वेळच्या कायद्यातच लिहून ठेवलं की दोन भाषांचा पुरस्कार करणं आणि ओंटारियोतली फ्रेंच संस्कृती जपणं ही या विद्यापीठाची जबाबदारी. परीक्षेतला तो हक्क या जबाबदारीतला.

आता तिथे सगळं गोडीगुलाबीनं चाललंय असंही नाही. फ्रेंचमधून शिकणारे विद्यार्थी साधारण तीस टक्के. बाकी सगळे इंग्रजीवाले. ज्या मुलीनं फ्रेंचमध्ये पेपर लिहिला ती मोरोक्कोची. तिची तक्रार अशी की नियम आहे, पण कँटीनपासून ऑफिसच्या खिडकीपर्यंत फ्रेंचमध्ये विचारलं की समोरचा इंग्रजीत उत्तर देतो. गटानं काम करायचं तर चार इंग्रजीवाले आणि ती एकटी, मग तिलाच इंग्रजीत यावं लागतं. म्हणजे हक्क असतो तरी तो दरवेळी खिशातून काढून दाखवावा लागतो. एक गोष्ट मात्र मला नव्यानं कळली. तिथे फ्रेंचमधून शिकणाऱ्यांत आपल्या मुस्लिम मुलामुलींची संख्या बरीच आहे. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, सेनेगल. फ्रेंचमधून शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना विद्यापीठ फीमध्ये मोठी सवलत देतं. लेक म्हणाली, "अम्मी, लहानपणी मला फ्रेंच शिकवली असतीस तर कर्ज निम्मं झालं असतं." आता यावर काय बोलायचं?

एका रात्री जेवताना हे सगळं मी ह्यांना सांगत होते. हे म्हणाले, "आपल्याकडेही राजधानीत असं विद्यापीठ होतं की. हैदराबादचं उस्मानिया." खरं आहे. निजामानं 1918 साली ते काढलं. उर्दूतून डॉक्टर, उर्दूतून इंजिनिअर. इंग्रजी हा विषय सगळ्यांना सक्तीचा. परदेशी पुस्तकं उर्दूत आणण्यासाठी दारुल तर्जुमा नावाचं खास भाषांतराचं खातं. माझी जियाई तालीफसारखे शब्द अशाच लोकांनी बसून घडवले असणार. सासरे उस्मानियाचं नाव काढलं की ताठ बसायचे.

पण मी ह्यांना म्हटलं, मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. परभणीच्या, बीडच्या शेतकऱ्याचा मुलगा घरी मराठी बोलायचा आणि वरच्या शिक्षणासाठी त्याला उर्दू घ्यावं लागायचं. आपल्याला ते विद्यापीठ आपलं वाटतं, त्याला कसं वाटलं असेल? त्याच्याही एखाद्या उत्तरावर लाल रेघ पडलीच असेल की. हे म्हणाले, "तू आता अब्बांच्या खुर्चीवर बसून त्यांच्याशीच भांडायला लागलीस." 1948 नंतर उस्मानियात उर्दू जाऊन इंग्रजी आली आणि मराठवाड्याला 1958 साली औरंगाबादला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. उर्दूवाल्यांचंही गेलं. दोघांना आपापल्या भाषेत लिहू देणारा नियम त्या राज्यात कुणी केला असता तर?

असा विचार करता करता माझ्या लक्षात आलं की कागदावर आपण ओटावाच्या मागे नाही, पुढेच आहोत. बालभारती मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधी अशा आठ भाषांत पुस्तकं छापते. दहावीची परीक्षा उर्दूतून देता येते. मुंबई विद्यापीठात कला-वाणिज्यच्या किती तरी पेपरांना मराठीत उत्तरं लिहिता येतात. कलेक्टर व्हायची मुख्य परीक्षासुद्धा मराठीत किंवा उर्दूत लिहिता येते. मोडतं ते मधेच, सातवी आणि आठवीच्या मधे. गावातली उर्दू शाळा सातवीला संपते, पुढची शाळा मराठी, आणि त्या दोन शाळांच्या मधल्या रस्त्यावर पोराचा हात धरायला कुणी नसतं. मुरब्बा म्हणजे चौरस, जाविया म्हणजे कोन, असं दोन भाषांत लिहिलेलं चार पानांचं चोपडं मला त्या जूनमध्ये कुणी दिलं असतं तर माझी मैत्रीण कदाचित दहावी झाली असती.

हे सगळं मी आता का लिहिते आहे? तर या जूनमध्ये आमच्या मोठ्या मुलाची मुलगी पहिलीत जाईल आणि घरात पुन्हा तोच वाद. सुनेला इंग्रजी शाळा हवी आहे. ह्यांना मराठी. मुलगा कामावर जातो आणि कानावर हात ठेवतो. मला विचारलं तेव्हा मी ठरवून टाकलं, मराठी शाळा, सेमी इंग्रजी, आणि संध्याकाळी मगरिबनंतर अर्धा तास माझ्याजवळ उर्दू. सून म्हणाली, "अम्मी, तीन-तीन भाषा? पोर गोंधळेल." मी म्हटलं, पोर आत्ताच घरात तीन भाषांत हट्ट करते, तेव्हा कुठे गोंधळते? सून अजून पुरती राजी नाही. तिचंही चूक नाही. तिचा भाऊ इंग्रजी येत नाही म्हणून दोन नोकऱ्यांच्या मुलाखतींतून परत आलाय. तिला तिची लाल रेघ दिसते, मला माझी.

आणि लेक? मोरोक्कोच्या त्या मुलीनं तिला एक दिवस विचारलं, "तुझ्या घरची भाषा कुठली?" ही म्हणाली उर्दू, मराठी. "लिहून दाखव." मराठी लिहून दाखवली. उर्दूला हात थांबला. त्या रात्री तिनं मला फोन करून विचारलं, "अम्मी, दादांच्या वह्या कुठे आहेत?"

सासरे जाऊन आता बारा वर्षं झाली. त्यांच्या सात वह्या मी जुन्या पेटीत ठेवल्या होत्या. हिशेबाच्या म्हणून कुणी उघडल्या नाहीत. उघडल्या तर हिशेबाच्या मधेमधे बरंच काही निघालं. कुठल्या साली लावणी कधी झाली, विहिरीला पाणी किती हातांवर लागलं, आदमजींच्या गाडीत पहिल्यांदा बसले तो दिवस. आता दर शुक्रवारी मी फोनवर एक पान सावकाश वाचते आणि लेक ओटावातल्या तिच्या खोलीत बसून ते उर्दूत उतरवते, मग फोटो पाठवते. मी चुका काढते. सुरुवातीला पानात तीस चुका असायच्या, आता दहा-बारा. नात शेजारी पाटी घेऊन बसते आणि आत्याच्या आधी अक्षर ओळखल्याचं ओरडून सांगते.

गेल्या शुक्रवारी 26 जुलै 2005 चं पान आलं. त्या दिवशी उल्हास नदी कुठवर आली होती ते इथल्या माणसांना सांगायला नको. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. सासऱ्यांनी त्या दिवशी तीनच ओळी लिहिल्यात. पाणी उंबऱ्यापर्यंत. पेटी माळ्यावर. मुन्नी माझ्या कांध्यावर.

फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. मग लेक म्हणाली, "अम्मी, कांधा कसा लिहायचा?"

मी सांगितलं, "काफ, अलिफ, नून, दाल, दोचश्मी हे, अलिफ."

"सावकाश," ती म्हणाली. "पुन्हा सांग."